बहीण तुरुंगातून सुटतेय, मी नेमकी काय तयारी करू?

तुम्ही विचारलंय की मावसबहीण साडेतीन वर्षांची शिक्षा भोगून पुढच्या महिन्यात सुटतेय, तिची सहा वर्षांची मुलगी आजीकडे आहे, घरात कुणी विषय काढत नाही आणि तिला आणायला तुम्ही एकट्याच जाणार आहात.

तयारी पुढच्या भेटीपासून सुरू करा. तिला 'कुठे राहणार?' असं विचारू नका, 'कुठे अजिबात जायचं नाहीये?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला घरच्यांना बरं वाटेल ते उत्तर येतं. तुरुंगात आलेल्या अनेक बायकांनी आधी घरात मारहाण सोसलेली असते आणि सुटकेनंतरचा पत्ता म्हणून नेमकं तेच घर कागदावर चढतं. पत्ता बदलायचा तर सुटकेआधीच बदलून घ्या. सुटकेनंतर ठरलेल्या तारखांना अधिकाऱ्यापुढे हजेरी लावायची अट असेल आणि तिचं ठिकाण एकदा त्यावरून ठरलं, की परवानगीसाठी खेटे सुरू होतात.

तुरुंगातल्या कल्याण अधिकाऱ्यालाही आत्ताच गाठा. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली स्त्री कैद्यांसाठी मंजूर केलेल्या बँकॉक नियमांतला ४६वा नियम सांगतो की सुटकेआधीची आणि नंतरची मदत तुरुंग, समाजकल्याण यंत्रणा आणि स्थानिक संस्थांनी मिळून आखायची. तेव्हा विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

त्यांच्याकडून सगळ्यांत आधी औषधांचं नक्की करून घ्या, कारण घोळ इथेच होतो. आत रोजची गोळी हातात मिळत असते, नाव-डोस पाठ असायची गरज नसते. बाहेर आल्यावर 'ती पांढरी गोळी' एवढंच आठवतं. औषधांची नावं, डोस, कधीपासून चालू, हे लेखी मागा आणि निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या सोबत मागा. बाहेरच्या डॉक्टरची वेळ त्या संपायच्या आत घेऊन ठेवा. फिटच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिट येऊ शकते, टीबीच्या उपचारात खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

पूर्वी हेरॉईनसारखं व्यसन असेल तर जास्तच सावध राहा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका राज्यातल्या बाकी रहिवाशांच्या १२.७ पट निघाला आणि सगळ्यांत जास्त मृत्यू नशेच्या अतिमात्रेने झाले. आत असताना शरीराची सवय मोडते, हात मात्र जुन्याच मापाने घेतो. नालोक्सोन (हेरॉईनसारख्या नशेच्या अतिमात्रेवरचा उतारा) मिळत असेल तर घरात ठेवा, वापरायचं कसं ते आधी शिकून घ्या. ते दिल्यावरही अँब्युलन्स बोलवायचीच, कारण त्याचा असर नशेच्या आधी उतरू शकतो.

सुटकेच्या दिवशी वेळ सांगितलेली असली तरी कागदांपायी ती हमखास पुढे जाते. रात्री उशिरा परतायची सोय ठेवा. सोबत सैलसर कपडे न्या (वजन बदललेलं असतं, जुन्या मापावर जाऊ नका), पॅड, थोडे सुटे पैसे आणि चालू सिम असलेला साधा फोन. तीन नंबर कागदावर लिहून द्या. आत जाताना जमा केलेल्या वस्तू यादीशी ताडून मगच तिने सही करावी. सुटकेच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढा, मूळ प्रत कुठेच जमा करू नका. हजेरीची अट असेल तर तिच्या तारखा त्याच दिवशी कॅलेंडरवर उतरवा. नवा गुन्हा न करताही नुसती हजेरी चुकली म्हणून बाई परत आत जाऊ शकते.

घरी आल्यावर खोलीची आणि बाथरूमची आतली कडी तिला दाखवा, एक किल्ली तिच्या हातात द्या. वर्षानुवर्षं दार दुसऱ्याने उघडायचं, म्हणून काहीजणी बंद दारासमोर नुसत्या उभ्या राहतात. आपण धावत जाऊन उघडायचं नाही, थांबायचं. दिवा लावून झोपली तर झोपू द्या, आत रात्रभर दिवे जळतात. आणि स्वागताला गर्दी नको, पहिल्या दिवशी एक-दोन माणसं पुरेत.

मुलीची भेट पहिल्याच दिवशी ठरवू नका. आधी आजीला विचारा की मुलीला आजवर काय सांगितलंय. 'आई कामाला लांब गेलीय' असं सांगितलं असेल, तर आजी आणि आई दोघींनी मिळून भेटीआधी ते सोप्या शब्दांत दुरुस्त करावं, नाहीतर शाळेतलं एखादं पोर ते काम करतं. पहिली भेट आजीच्याच घरी, तासाभराची, आजी समोर असताना. मुलगी ओळख दाखवणार नाही, आजीलाच 'आई' म्हणेल, लपेल. 'जा, आईला मिठी मार' असं कुणी म्हणायचं नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी भेट, हे महागड्या खेळण्यांपेक्षा उपयोगी पडतं. चुकलेल्या भेटीने मात्र मागची सगळी मेहनत पाण्यात जाते. ताबा कायद्याने कुणाकडे आहे ते वकिलाकडून समजून घ्या, तोवर मुलीला हलवू नका.

नोकरीची घाई नको. आधी ओळखपत्र, मग तिच्या एकटीच्या नावावर बँक खातं, मग काम. पगार नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात जायला लागला की ती पुन्हा त्यांच्या मुठीत गेलीच. मुलाखतीत तुरुंगाचा विषय निघाला तर काय बोलायचं, ती दोन वाक्यं तिने स्वतः ठरवून चार-पाचदा मोठ्याने म्हणून पाहावीत. कुठे काय उघड करणं बंधनकारक आहे, हे वकिलालाच विचारा.

या कागदपत्रांसाठी ऑफिसात तुम्ही सोबत जा, पण खुर्ची थोडी मागे ओढून बसा. साहेब तुमच्याकडे बघून विचारेल, 'यांचं नाव काय?' तुम्ही तिच्याकडे बघा. तिला उत्तर द्यायला वेळ लागेल, तेवढा लागू द्या.