हँडलवर लावलेला, सेलवर चालणारा जीपीएस खड्ड्यात बंद पडतो?

लगेच यंत्राला दोष देऊ नकोस. बहुतेकदा आतले पेन्सिल सेल धक्क्याने क्षणभर स्प्रिंगपासून सुटतात आणि पडदा काळा होतो. माझाही असाच, दर गतिरोधकाला डोळे मिटायचा! झाकण उघडून सेल बोटाने हलवून बघ. खुळखुळले तर जुन्या ट्यूबची पातळ पट्टी झाकणाच्या आतून लाव. पण झाकण दाबून बसवावं लागेल इतकी जाड नको, नाहीतर रबरी सील नीट बसत नाही आणि पाणी शिरतं. पत्र्या काळवंडल्या असतील तर खोडरबराने घास.

रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, म्हणून सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदल, नाहीतर बॅटरी उगाच कमी दिसते. आणि यंत्र दोरीने हँडलला बांधच. ते धरणारी क्लिप कधीतरी तुटतेच.