इंजिनाचा आवाज आणि ऑइलचा ग्रेड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक ९५,००० किलोमीटर चालली आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की चार-पाच सेकंद इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक आवाज येतो आणि मग थांबतो. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ऑइल सांगितले आहे, पण मिस्त्री २०डब्ल्यू-५० घालायला सांगतात. काय करावे? (नाशिक)

उत्तर : पुस्तिकेतलेच ऑइल घाला. तुमच्या इंजिनाला सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत ऑइल लवकरात लवकर वर पोहोचायला हवे आहे आणि जाड ऑइल नेमके तिथेच उशीर करते. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल ओसरून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलपात्रात, जमते. हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप मिटवणारे भाग) असलेल्या इंजिनात लिफ्टरच्या आतले ऑइलही थोडे निघून जाते आणि ते पुन्हा भरेपर्यंत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) व व्हॉल्व्ह यांच्यामधली फट मिटत नाही, म्हणून टकटक ऐकू येते. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही पुष्कळ इंजिनांत ऑइलच्याच दाबावर चालतो, त्यामुळे दाब उशिरा आला तर चेनही खडखडते.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातल्या वाहण्याचा आहे. तो जितका लहान, तितके ऑइल थंडीत सहज वाहते. ४० अंश सेल्सिअसला ५डब्ल्यू-३० ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, साधारण ६० ते ७० सेंटीस्टोक (दाटपणाचे एकक) असते, तर २०डब्ल्यू-५० ची १५० च्या आसपास किंवा त्याहून अधिक. डिसेंबरातल्या पहाटे, पारा १० अंशांवर असताना, हे अंतर आणखी वाढते.

ग्रेड बदलण्याआधी ऑइल फिल्टर बदला, कारण चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे ओसरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह असतो आणि स्वस्त फिल्टरमध्ये तो लवकर कडक होऊन निकामी ठरतो. डिपस्टिकवर पातळीही पाहा. नवा फिल्टर आणि नवे ५डब्ल्यू-३० घालूनही आवाज लांबू लागला, तर चेन व टेन्शनर तपासून घ्यावेत. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर नसतील, तर टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजणे हाच उपाय आहे. ती फट कोणतेही ऑइल भरून काढणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. नव्या गाडीला कंपनीने ०डब्ल्यू-२० सांगितले आहे. एवढे पातळ ऑइल उन्हाळ्यात टिकेल का? इंजिनही थोडे मोठ्याने वाजते. (चंद्रपूर)

उत्तर : शून्य या आकड्याचा उन्हाळ्याशी संबंध नाही. गरम इंजिनातली जाडी दुसरा आकडा सांगतो आणि ती १०० अंशांना मोजतात. ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या कोष्टकानुसार २० ग्रेडची व्हिस्कॉसिटी ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक, ३० ची ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९ या टप्प्यात असावी लागते. बाहेर २५ अंश असोत वा ४५, थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास राखतो, त्यामुळे नेहमीच्या चालण्यात ऑइलचे तापमान हवेइतके बदलत नाही. तुमच्या इंजिनाचा पंप, बेअरिंगमधली फट आणि व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा पातळ ऑइल धरूनच आखलेली आहे. पातळ थर धातूचा आवाज कमी दाबतो, हे खरे. पण केवळ थोडा जास्त आवाज म्हणजे झीज नव्हे. पुस्तिकेच्या तापमान-कोष्टकात ५डब्ल्यू-३० ला परवानगी असेल, तर उन्हाळ्यात भरलेल्या गाडीने लांबच्या प्रवासाला जाताना ते जरूर वापरावे. परवानगी नसेल, तर वॉरंटीच्या काळात प्रयोग करू नयेत.

प्रश्न : गाडी १,८०,००० किलोमीटर चालली आहे. इंजिन तापल्यावर सिग्नलला उभे असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि खालून ठकठक येते. मेकॅनिकने जाड ऑइल घातल्यावर महिनाभर आवाज कमी झाला होता. आता कोणते घालू? (सोलापूर)

उत्तर : आता ऑइल निवडण्याआधी गाडी चालवणे थांबवा. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे दिवा दिसेपर्यंत बेअरिंगची सुरक्षितता बरीच संपलेली असते.

आवाज कुठून येतो, हे आधी ठरवावे लागेल. वरचा आवाज हलका, टिचक्यांसारखा असतो आणि त्याची गती इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मी असते, कारण कॅम बसवलेला दांडा (कॅमशाफ्ट) क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. खालचा आवाज जड असतो आणि इंजिनावर भार आला की वाढतो. मेकॅनिकला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढायला सांगा. एखाद्या सिलिंडरला ठकठक स्पष्ट कमी झाली, तर त्याच कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. त्यानंतर दिव्याच्या सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाचा दाब मोजावा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावा.

गेजने दाब योग्य दाखवला, तर सेन्सर खराब असू शकतो. दाब खरोखर कमी असेल, तर संप उघडून पंपाची जाळी आणि बेअरिंग पाहणे अटळ आहे. महिनाभर आवाज कमी झाला, त्या काळात बेअरिंग मात्र झिजतच राहिले असणार. वेळीच उघडले तर बेअरिंग शेल (बेअरिंगचे अस्तर) बदलून काम भागू शकते. उशीर झाला तर क्रँक ग्राइंड करावा लागतो.

जास्त चाललेल्या गाडीला एक पायरी जाड ऑइल देण्यात गैर काही नाही, पण ते दाब ठीक असलेल्या, किंचित ऑइल खाणाऱ्या इंजिनाला. तेव्हाही पुस्तिकेच्या परवानगीने ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वर जावे.

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल रोज चार किलोमीटर चालते. ऑइलची पातळी वाढली आहे आणि इंजिन कर्कश वाटते. जाड ऑइल घालू का? (पुणे)

उत्तर : नको. एक्झॉस्टमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वच्छ करण्यासाठी इंजिन मधूनमधून जादा डिझेल फवारते आणि ते पुरेसे तापण्याआधी गाडी बंद झाली की त्यातले काही ऑइलमध्ये उतरते. पातळी वाढते ती त्यामुळे, आणि ऑइल पातळ होऊन आवाजही वाढतो. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर गाडी तशीच पळवू नका. आधी ऑइल आणि फिल्टर बदला. पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे ऑइलच घ्या, कारण साध्या डिझेल ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते. पुढे आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास सलग गाडी चालवा.

प्रश्न : खंबाटकी घाट चौथ्या गिअरमध्ये चढताना पेट्रोल इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ऑइल बदलू का? (सातारा)

उत्तर : हा आवाज सिलिंडरमधल्या अवेळी ज्वलनाचा वाटतो आणि ऑइलच्या जाडीने तो जाणार नाही. खालचा गिअर टाका. तरीही आवाज राहिला तर स्पार्क प्लग, नॉक सेन्सर आणि पिस्टनवरचा कार्बन तपासून घ्या. गाडी टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनची असेल, तर २०२० मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जाचे ऑइल मात्र उपयोगी पडते, कारण कमी फेऱ्यांवर होणारे अवेळी ज्वलन रोखण्याची चाचणी त्या दर्जात आहे.

प्रश्न : वडिलांची १९९२ ची प्रीमियर पद्मिनी जपली आहे. तिला महागडे ०डब्ल्यू-२० द्यावे, असे मुलगा म्हणतो. (मुंबई)

उत्तर : तिच्याबाबतीत जाड ऑइलच योग्य. त्या इंजिनातल्या फटी आणि पंप जुन्या धाटणीचे आहेत आणि मुंबईत थंडी नसल्याने २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चालते. ०डब्ल्यू-२० ने गरम इंजिनाचा दाब घसरेल आणि जुन्या सीलमधून गळतीही वाढेल. टॅपेटचा आवाज असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना पुस्तिकेतल्या मापाने फट लावून घ्या. इनलेट आणि एक्झॉस्टची मापे वेगळी दिली आहेत का, तेही पाहून घ्या.