‘आजीला एवढ्यात सांगू नकोस’

इंग्लंडमधून पाठवलेल्या पत्रात तुम्ही तुमच्या घटस्फोटाबद्दल आणि मुलाच्या अस्वस्थतेबद्दल लिहिले आहे; त्यातील एका प्रसंगाशी मी बराच वेळ थांबले. दर रविवारी सांगलीहून आजीचा व्हिडिओ कॉल आला की तुमचा नऊ वर्षांचा मुलगा बाबांची रिकामी खुर्ची दिसणार नाही अशा बेताने फोन धरतो आणि आजीने विचारलेच तर ‘बाबा दुकानात गेलेत’ असे सांगतो. रात्री तो दचकून उठतो, याचे कारण तुम्ही घटस्फोटात शोधत आहात. मला मात्र त्याच्यावर सोपवलेले हे गुपितही तितकेच जड वाटते.

आजी तुमच्या सासूबाई आहेत, म्हणून त्यांना ही गोष्ट त्यांच्या मुलानेच सांगायला हवी, आणि तीही लवकर. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न येणारच. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून घटस्फोटासाठी कोणाचाही दोष सिद्ध करावा लागत नाही. जो प्रश्न कायद्याने सोडून दिला, त्याचे उत्तर नातवासमोर शोधू नका, एवढी विनंती दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट शब्दांत करावी.

मुलाशी शक्यतो दोघांनी एकत्र बसून बोलावे. या वयाची मुले ‘मी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ असे मनाशी धरून बसतात आणि बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे ‘यात तुझे काही चुकले नाही’ हे त्याने न विचारताही अनेकदा सांगावे लागेल. कोणत्या दिवशी कोणाकडे राहायचे, हे कागदावर लिहून त्याला दिसेल अशा जागी लावा. बाबांना द्यायचे निरोप त्याच्यामार्फत पाठवू नका. त्याच्या वर्गशिक्षिकेलाही कल्पना द्या.

सुट्टीत त्याला भारतात नेण्यापूर्वी वडिलांची लेखी संमती अवश्य घ्या. मुलाने तुमच्याकडे राहावे असा न्यायालयाचा आदेश असेल तर २८ दिवसांपर्यंतच्या प्रवासाला ती लागत नाही. पण एका पालकाने परस्पर परदेशी नेलेले मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय हेग करारात भारत सामील नसल्यामुळे मूल परत येणार नाही ही भीती दुसऱ्या पालकाला वाटू शकते, आणि त्या भीतीतून सुरू झालेल्या वादात मूलच भरडले जाते.

येत्या रविवारी कॉलच्या आधी ‘आजीला सगळे कळले आहे, तुला काही लपवायचे नाही’ एवढे त्याला सांगा, आणि मग फोन त्याला हवा तसा धरू द्या.