नक्षीच्या ओळी का आक्रसतात?

प्रश्न : दोन रंगांची वीण शिकायला उशीचा अभ्रा घेतला. एकरंगी भाग सपाट आला, नक्षीचा मात्र आक्रसून गोळा झाला. उसवू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : उसवा, ताई. जीव हळहळेल, पण उसवाच. टाके बरोबर आहेत, मागचा धागा ताणला गेलाय. ज्या रंगाची पाळी नसते, तो धागा मागून आडवा जातो. तो आवळला की पुढची वीण गोळा होते. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवा, मगच दुसरा धागा ओढा. एकाच रंगाचे ५-६ टाक्यांहून जास्त सलग असतील, तर मध्ये धाग्यात धागा अडकवा. तरीही आवळलं, तर नक्षीपुरती थोडी जाड सुई घ्या.

ही वीण स्कॉटलंडच्या शेटलंडमधल्या फेअर आयल बेटाच्या नावाने ओळखली जाते. रंग कितीही दिसोत, एका ओळीत सहसा दोनच असतात. विणतात गोलात, म्हणजे सुलट बाजू कायम समोर. माझा पहिला अभ्रा मीही १२० टाक्यांची नळी करून विणला. उलट ओळीत नक्षी मोजायचा त्रास वाचला. अभ्रा निवडलात हे फार आवडलं. मागचे धागे आत राहतात, बोटं अडकत नाहीत.