‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो’

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांनी हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत उच्चारलेले आहे. भजनी मंडळात चाल उशिरा उचलणारे निवृत्त गृहस्थ, कार्यालयात नवे सॉफ्टवेअर इतरांपेक्षा सावकाश शिकणाऱ्या लिपिक बाई, सहलीत जिने चढताना मागे राहणारी आजी. हिवाळा सुरू झाला की धावणाऱ्यांची त्यात भर पडते, कारण मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते आणि तिची तयारी करणारे नागपूरकर नोव्हेंबर-डिसेंबरात गटाने लांब पल्ल्याची धाव घेऊ लागतात. त्यांच्यापैकी एकीची हकीकत तिच्या संमतीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, इथे सांगते. गटातले सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही तेच संबोधन वापरते.

ताई सेहेचाळीस वर्षांच्या, एका महाविद्यालयात ग्रंथपाल. चौदा जणांच्या गटाने ३२ किलोमीटरची धाव तीनदा ठरवली होती, एकेक रविवार सोडून, आणि शेवटची मॅरेथॉनच्या तीन आठवडे आधी. नागपुरातल्या फुटाळा तलावापासून सेमिनरी हिल्स, तिथून सिव्हिल लाइन्स आणि रविनगरवरून पुन्हा फुटाळा, अशी साधारण ८ किलोमीटरची एक फेरी आणि अशा चार फेऱ्या. पहिल्या वेळी ताईंनी २४ किलोमीटरनंतर गुडघा दुखतो म्हणून धाव सोडली. “बत्तीसच झाले नाहीत तर बेचाळीस कसे होणार?” हा प्रश्न घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

शरीराची तक्रार मी कधीही मनाच्या खात्यावर टाकत नाही. आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांना गुडघ्यात काही आढळले नाही आणि धावायला त्यांची हरकत नव्हती. मग पहिल्या दोन बैठका मी अंतराच्या भीतीवर खर्च केल्या. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते, पण सरावात तेवढे धावायचे नसते. अनेक वेळापत्रके ३० ते ३२ वर थांबतात, कारण त्यापुढचा थकवा भरून निघायला फार दिवस लागतात. शेवटच्या लांब धावेनंतरचे तीन आठवडे अंतर कमी करत नेण्याचे असतात. ही धाव बोलत बोलत धावता येईल इतक्या सावकाश करायची असते, तिथे वेग दाखवायचा नसतो. हे सगळे ताईंना माझ्याइतकेच ठाऊक होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा २४ किलोमीटरवर धाव सोडली.

तिसऱ्या बैठकीत मी प्रश्न बदलला.

“दोन्ही वेळा चोवीसलाच? म्हणजे तिसरी फेरी संपते तिथे?”

“हो.”

“तिथे काय असतं?”

“पाण्याचं टेबल. संत्र्याच्या फोडी ठेवलेल्या असतात, मीठ लावून.” त्या थोड्या थांबल्या. “आणि माझी गाडी उभी असते.”

बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग त्या म्हणाल्या, “मॅडम, चौथ्या फेरीत मी एकटी मागे असणार. बाकीचे धाव संपवून माझी वाट बघत बसणार. शेवटचा माणूस आल्याशिवाय नाश्त्याला जायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो.”

तर ते वाक्य हे होते. एकटीने ही धाव करण्याचा पर्याय त्यांच्यापुढे नव्हता, कारण पहाटे साडेचारला अंधारात, मोकाट कुत्र्यांच्या रस्त्यांवर, चार तास एकट्या बाईने धावावे असे मीही सुचवणार नाही. गट हवाच होता, आणि त्याच गटाचे ओझे होत होते.

अशा वेळी आपण सगळेच दिलासा देतो. ताईंच्या यजमानांनी दिला होता, गटप्रमुखांनी दिला होता: ‘कोणाला काही वाटत नाही हो, तुम्ही निवांत या.’ दिलासा खोटा नव्हता, तरी तो टिकला नाही आणि टिकणारही नव्हता, कारण तो दुसऱ्यांच्या मनाची हमी देतो आणि अशी हमी कोणालाच पाळता येत नाही. कोणी नुसते घड्याळाकडे पाहिले तरी तो ढासळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेल्या आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो मुख्यतः याच कारणासाठी. ती भीतीला खोटे ठरवत बसत नाही. भीती खरी ठरली असे धरून चालायला सांगते.

मी आधी कागद पुढे केला. ताईंचा वेग किलोमीटरला आठ मिनिटे, इतरांचा सरासरी सात. बत्तीस किलोमीटरांना फरक पडतो बत्तीस मिनिटांचा. त्या आकड्याकडे त्या बघत राहिल्या; इतके दिवस ‘सगळ्यांचा खोळंबा’ त्यांनी कधी मोजलाच नव्हता. तरीही बत्तीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे मी म्हटले नाही.

“समजा, कोणालाही आपल्यामुळे थांबावं लागताच कामा नये, हा तुमचा नियम आहे. आता धरून चाला की एकाला खरंच कंटाळा आला. पुढे?”

“तो मनात म्हणेल, या बाई कशाला येतात.”

“म्हणू दे. पुढे?”

“पुढे...” त्या अडल्या. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. मी वाट पाहिली. “मग त्याला कंटाळा येईल,” त्या म्हणाल्या. आणि काही क्षणांनी, जणू ते वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारले असावे तसे, पुन्हा: “त्याला कंटाळा येईल. बस, एवढंच ना?”

इतक्या वर्षांत मी हा क्षण अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, तरी दर वेळी मला तो नवा वाटतो. चांगल्या इच्छेला आपण ‘च’ जोडतो आणि तिचा हुकूम करून ठेवतो. ‘इतरांना माझ्यामुळे थांबावे लागू नये’ ही सभ्य माणसाची इच्छा आहे. ‘लागताच कामा नये’ म्हटले की तो हुकूम मोडण्यापेक्षा गुडघा दुखणे सोपे वाटू लागते. ताई खोटे बोलत नव्हत्या. तिसऱ्या फेरीच्या टोकाला त्यांना खरोखर दुखत होते. वेदना मनाच्या ताणाने वाढते, आणि सुटकेची गाडी समोर उभी असली की ती ऐकलीही लवकर जाते. हे मला पहिल्याच भेटीत कळायला हवे होते, असे आज वाटते.

पुढच्या दोन बैठकांत आम्ही एकच तयारी केली. धाव सुरू होण्यापूर्वी ताईंनी सर्वांसमोर सांगायचे होते: ‘मी शेवटी येईन, साधारण पावणेनऊपर्यंत. ज्यांना थांबायचे ते थांबा, ज्यांना घाई आहे त्यांनी निघा.’ यात क्षमायाचना नको, ‘सॉरी’ नको. हे वाक्य म्हणून दाखवताना त्या तीनदा अडखळल्या, धावण्यापेक्षा हेच अवघड आहे म्हणाल्या, आणि ते खरेच होते. गाडीही तिथेच उभी करायची असे ठरले, कारण ती लपवून काही साधणार नव्हते.

हीच चिंता बाळगणाऱ्यांना माझे सांगणे असते की लोकांना काय वाटत असेल याचा तर्क करत बसू नका. आपली वेळ मोजा आणि ती आधी सांगून टाका. थांबायचे की नाही हा निर्णय मग त्यांचा होतो, आणि तो त्यांच्याकडेच राहू द्या. गटप्रमुखांनीही शेवटच्या माणसासोबत कोणीतरी राहील अशी पाळी आधीच लावावी, म्हणजे मागे राहणाऱ्याची सोबत ही कोणाची मेहेरबानी उरत नाही. मात्र छातीत दुखणे, चक्कर, किंवा पाऊल टाकताच उठणारी तीव्र कळ असेल तर थांबायचेच. तिथे मनाशी वाद घालू नये. ती धाव सोडण्यात कमीपणा नाही.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी, चांगल्याच थंडीत, ताईंनी ते वाक्य सगळ्यांसमोर म्हटले. तिसरी फेरी संपली तेव्हा त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी घेतल्या, गाडीकडे पाहिले आणि चौथ्या फेरीला लागल्या. सेमिनरी हिल्सचा चढ त्या चालत चढल्या. गुडघा थोडा दुखला, पण पाऊल टाकताना कळ आली नाही. आठ वाजून बावन्न मिनिटांनी त्या पोहोचल्या तेव्हा तेरापैकी नऊ जण थांबलेले होते आणि चौघे निघून गेले होते.

“त्या चौघांचं काय वाटलं?” मी शेवटच्या बैठकीत विचारले.

“वाईट वाटलं थोडं,” ताई म्हणाल्या. “मग पोहे मागवले. थांबलेल्यांचे खाऊन झाले होते, मी एकटीच खात होते, आणि ते सगळे माझ्याभोवती बसून गप्पा मारत होते. दोघांनी पुन्हा तर्री मागवली. आम्ही दहापर्यंत तिथेच होतो.”