परदेशी नेमणूक आणि मागे राहणारे घर

प्रश्न : माझे जावई अमेरिकी लष्करात असून त्यांना युरोपात पाठवण्याचे घाटत आहे. मुलगी आणि पाच वर्षांचा नातू टेक्सासमध्ये आहेत. कुटुंबाला सोबत नेता येईल की नाही, हे कशावरून ठरते? सोबत जाणेच बरे, नाही का?

उत्तर : आदेश बदलीचा आहे की तैनातीचा, एवढे आधी जावयांना विचारून घ्या. बदलीचा आदेश सबंध तुकडीला नव्हे, एकेका सैनिकाच्या नावे निघतो. जर्मनीत ती कुटुंबासह असेल तर साधारणपणे 36 महिन्यांची आणि एकट्याने असेल तर 24 महिन्यांची असते. कुटुंबासाठी ‘कमांड स्पॉन्सरशिप’ नावाची मंजुरी लागते. ती मिळाली की प्रवासाचा आणि सामानाचा खर्च सरकार उचलते. मात्र त्याआधी कुटुंबीयांच्या प्रकृतीची आणि मुलांच्या शिक्षणातील विशेष गरजांची तपासणी होते, म्हणून नातवाला दमा असेल किंवा बोलण्यात अडचण असेल, तर ते लपवू नये. मंजुरीविना स्वखर्चाने जाणे मी सुचवणार नाही, कारण मग सैनिकांच्या मुलांसाठीच्या लष्करी शाळेत जागा उरली तरच प्रवेश मिळतो.

तैनाती सहसा सबंध तुकडीची होते. पोलंडला आळीपाळीने जाणाऱ्या तुकड्या साधारण 9 महिने तिथे राहतात आणि कुटुंबे मागेच राहतात. टेक्सासमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पोलंडमध्ये रात्रीचे दोन झालेले असतात. त्यामुळे बाबांशी बोलण्याची मुलाची हौस बहुधा सकाळी, शाळेच्या घाईत, एका पायात मोजा चढवता चढवता भागवावी लागते. खरी कसोटी पुष्कळदा परतल्यानंतर लागते. इतके महिने बिले, गाडीची दुरुस्ती आणि मुलाचे आजारपण एकटीने निभावलेल्या पत्नीला प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून करणे जड जाते, तर झोपवायला आईच हवी म्हणून मूल अडून बसते. त्याचा बापावर राग असतो असे नाही, त्याला फक्त सवय मोडायची नसते.

सोबत गेल्याने विरह टळेल, पण मुलीच्या नोकरीचे काय? अमेरिकेतील काम घरबसल्या चालू ठेवायचे म्हटले, तरी यजमान देशाचे नियम आणि कर आड येऊ शकतात. लष्कराच्या कायदेविषयक सल्लागाराला तिने हे विचारावे आणि कंपनीचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये.