आधी पीककर्जाचं नवं-जुनं, मग ट्रॅक्टरची लिफ्ट

यवतमाळ जिल्ह्यातून, दिग्रसकडच्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारे ४३ वर्षांचे, घरची ९ एकर, कापूस, सोयाबीन आणि तूर. ट्रॅक्टर १९९९ चा, ३५ हॉर्सपॉवरचा. मागचं अवजार उचलणारी त्याची लिफ्ट वजन धरून ठेवत नाही. पल्टी नांगर झपकन उचलते, पण इंजिन बंद केलं की दोन मिनिटांत नांगर जमिनीला टेकतो. तालुक्याच्या मिस्त्रीने पंप, पिस्टन, सिलिंडर, ऑइल, मजुरी धरून २६ हजार सांगितले. मेहुणा म्हणतो, घरीच खोलू, ६-७ हजारांत होईल. आणि शोरूमवाला म्हणतो, जुना दीड लाखात घेतो, ७ लाखांचा नवा न्या, भाड्याने चालवून हप्ता आपोआप निघतो. तिन्हींपैकी काय करू, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज जाता जाता आणखी चार ओळी लिहिल्या आहेत. ‘२०२२ ला पीककर्जाच्या वेळी बँकेतल्या साहेबांनी पॉलिसी काढून दिली, वर्षाला ५० हजार. जुलैमध्ये चौथा हप्ता आहे, त्यासाठी ६० हजार बाजूला ठेवलेत. म्हणून यंदा २ लाख ४० हजारांच्या पीककर्जाचं नवं-जुनं केलं नाही, ३१ मार्चही निघून गेला. कर्जमाफीचं चाललंच आहे. १२ क्विंटल तूर घरात आहे, भाव आला की विकतो.’ (नवं-जुनं म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवी उचल घेणं.)

भाऊ, लिफ्टचं सांगतो, पण दोन परिच्छेदांतच. खरी गळती या चार ओळींत आहे.

नवा ट्रॅक्टर नको. साडेपाच लाखांचं कर्ज, १२ टक्के, ५ वर्षं, तर सहामाही हप्ता ७५ हजारांच्या घरात जातो. वर्षाला दीड लाख. तुम्हीच लिहिलंय की तासाला ९०० मिळतात. डिझेलचे ३५०, ड्रायव्हर आणि झीज मिळून २०० काढा, उरले ३५०. हप्त्यापुरते तरी सव्वाचारशे तास बाहेर चालवावे लागतील. मागच्या वर्षी तुम्हाला बाहेरचं काम मिळालं ११० तास, आणि गावात आता सहा ट्रॅक्टर आहेत. शिवाय भाड्याचे पैसे लोक कापूस विकल्यावर देतात, फायनान्सवाला तोवर थांबत नाही. ‘हप्ता आपोआप निघतो’ हे वाक्य मी दर महिन्याला कुणाच्या तरी पत्रात वाचतो आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो.

दुरुस्ती करा, आणि पंपाला हात लावू नका. नांगर झपकन उचलला जातो म्हणजे पंप दाब देतो आहे. उचललेलं वजन धरून ठेवणं हे पिस्टनच्या ओरिंगचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचं, आणि व्हॉल्व्हचं काम. पंपाचे ११ हजार तिथेच वाचले. मेहुणा जाणता असेल तर घरी खोला. मात्र खोलण्याआधी नांगर जमिनीवर टेकवा, लिव्हर खाली करून दाब सोडा, उचललेल्या अवजाराखाली हात घालू नका. लिफ्टचं कव्हर जड असतं, उचलायला साखळीचा चेनब्लॉक लागतोच. पिस्टन निघाला की सिलिंडरच्या आतून अंगठ्याचं नख फिरवा. नख सरळ घसरलं तर नवीन ओरिंग आणि तिला आधार देणारी बॅकअप रिंग टाकून भागेल. नख चरीत अडलं तर सिलिंडर आणि पिस्टन बदला, कारण त्या चरीवर नवी ओरिंग एक हंगामही टिकणार नाही. बॅकअप रिंग ओरिंगच्या मागे, म्हणजे तेलाचा दाब येतो त्याच्या उलट बाजूला बसते. उलटी बसली तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. पुसायला कापूस किंवा सूत निघणारी चिंधी घेऊ नका, आपल्याकडे तर घरभर कापूस उडत असतो आणि एक तंतू व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी लिफ्ट परत पडते. सक्शनची जाळी धुवा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पूर्ण बदला. ७ हजार धरा, सिलिंडर गेला असेल तर १४-१५.

आता पीककर्ज. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेल्या व्याजाचा भार उतरतो. म्हणजे मुदतीत भरलं तर व्याज जवळपास शून्य. आपल्या पापळच्या भाऊसाहेबांच्या नावाची योजना आहे आणि आपल्याच भागातले लोक ती हातची घालवतात, याचं मला वाईट वाटतं. मुदत चुकली की दोन्ही सवलती जातात आणि बँकेचा नेहमीचा दर लागतो. ११ टक्के धरा, २ लाख ४० हजारांवर वर्षाला २६ हजार. त्यात खरिपाचं नवं कर्ज बंद. मग बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर किंवा सावकाराकडून, महिना ३ टक्क्यांनी. एक लाख घेतले तर आठ महिन्यांत २४ हजार. दोन्ही मिळून ५० हजार. हे सगळं कशासाठी? जो ५० हजारांचा हप्ता वर्षाला अडीच हजारही नीट कमावत नाही, तो भरण्यासाठी.

कर्जमाफीच्या भरवशावर थांबू नका. २०१७ ची माफी जूनमध्ये जाहीर झाली, थकबाकीची तारीख होती ३० जून २०१६. २०१९ ची डिसेंबरमध्ये जाहीर झाली, तारीख ३० सप्टेंबर २०१९. दोन्ही वेळी तारीख मागची होती, घोषणा ऐकून थकलेला त्यात बसला नाही. आणि २०१९ मध्ये मुद्दल-व्याज मिळून २ लाखांच्या वर गेलेलं खातं बाहेरच राहिलं. तुमचं २ लाख ४० आहे. उलट त्याच योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूची असू शकते. ३१ मार्च ही तारीख गावात सगळे सांगतात. तुमचं कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं आहे आणि उचल मागच्या जूनच्या १८ तारखेची. केंद्राच्या सवलतीला उचल केल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष मिळतं, राज्याची योजना ३० जूनपर्यंत बघते, आणि खात्याची नेमकी मुदत बँक पिकानुसार ठरवते. उद्याच शाखेत जा आणि तुमच्या खात्याची तारीख कागदावर लिहून मागा. तोंडी सांगितलेली तारीख धरू नका.

पॉलिसीचं बोलू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुसऱ्या पानावर तक्ता आहे. हप्ते १० वर्षं, पैसे २० वर्षांनी, विमा फक्त ५ लाखांचा. ‘दुप्पट होतात’ हे साहेबांनी सांगितलं, ‘२० वर्षांनी’ हे सांगितलं नाही. ५ लाख भरून साडेदहा लाख, म्हणजे ५ टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर पावणेपंधरा लाख. पीककर्जाला पॉलिसी जोडून घ्यायची सक्ती कुठल्याही बँकेला करता येत नाही. कर्जाची फाईल टेबलावर असताना शेतकरी नाही म्हणू शकत नाही, हे ओळखूनच ती पुढे सरकवली जाते, आणि हे मला अजिबात सहन होत नाही. शाखेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी फोन १४४४८.

चौथा हप्ता भरू नका. साहेब म्हणतील, ‘आता सोडली तर ३५ टक्केच मिळतील, एक हप्ता भरा, ५० टक्के होतील.’ आकडे खरे आहेत. आज दीड लाखाचे ३५ टक्के, म्हणजे ५२ हजार. आणखी ५० हजार भरले तर २ लाखांचे निम्मे, १ लाख. ५० हजार घालून हाती साडेसत्तेचाळीस जास्त. यात तुमचा फायदा कुठे आहे? पॉलिसी पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर १७ वर्षांनी दीड लाखाच्या आसपास, वर बोनस असला तर थोडा. म्हणजे ५२ हजारांवर साडेसहा टक्के. डोक्यावर ११ टक्क्यांचं कर्ज असताना ते १७ वर्षं अडकवून ठेवायचे नाहीत. सरेंडरची, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी सोडल्यावर मिळणारी रक्कम कंपनीकडून लेखी घ्या, किमान एवढी तरी असेल, आणि सोडा.

विमा मात्र हवा, घरात दोन लेकरं आहेत. सरेंडरचा अर्ज देण्याआधी ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा, घ्या, तुमच्या वयाला वर्षाला १२-१५ हजार. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, हप्ता वाढेल पण दावा अडणार नाही. शिवाय बँक खात्यातून ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना सुरू आहे का बघा.

पैसे असे जमतात. बाजूला ठेवलेल्या ६० हजारांतून विम्याचे १५ काढले, राहिले ४५. तूर विका. साडेसहा हजारांचा भाव धरला तरी ७८ हजार. आणखी दोन महिन्यांत भाव किती चढेल? क्विंटलला ५०० चढला तर ६ हजार, तेवढ्यासाठी २६ हजारांचं व्याज अंगावर घेऊ नका. झाले १ लाख २३. सरेंडरचे पैसे यायला वेळ लागेल, म्हणून उरलेल्या १ लाख १७ हजारांपुरतं वहिनींचं सोनं बँकेत ठेवा, सावकाराकडे नाही. १० टक्क्यांनी महिन्याचे हजार रुपये जातील. खातं भरलं, नवी उचल झाली, सरेंडर आलं की पहिल्यांदा सोनं सोडवा. वहिनींना हे सगळं आधी सांगा, सोनं त्यांचं आहे.

नव्या उचलीतून आधी बियाणं-खत, मग ७ हजार लिफ्टला. मृग लागायच्या आत कव्हर खोला. दुकानात जाताना जुनी ओरिंग आणि ट्रॅक्टरचा चेसिस नंबर सोबत न्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर दुकानदार जवळच्या मापाची देतो. आणि शाखेतून तारखेचा कागद मिळाला की त्याचा फोटो मला पाठवा. त्यावर १८ जूनऐवजी आधीच निघून गेलेली तारीख असेल तर बेरीज बदलते, ती मी करून देतो.